जिभेखालची गोळी

माझा दवाखाना चालला तो खालच्या फरसाणवाल्यामुळे. टेंभी नाक्याजवळच्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर तो आणि पहिल्या मजल्यावर मी. मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जाताना जिन्यात कुणी ओळखीचं भेटलं, तर पाव किलो पापडी घ्यायला आलो होतो असं सांगायची सोय होती. समोरच्या खुर्चीत बसून हमसाहमशी रडणारे कित्येक पेशंट मांडीवरची शेवेची पुडी मात्र हातातून सुटू देत नसत. दर दिवाळीला फरसाणवाला मला चिवड्याचं मोठं पाकीट पाठवायचा. ते त्याला परवडतही असणार.

पण आज सांगायचंय ते दवाखान्याबद्दल नाही. आठवड्यातल्या काही सकाळी मी एका ट्रस्टच्या व्यसनमुक्ती केंद्रात जायची. तिथं येणाऱ्यांना पापडीचं निमित्त लागत नसे, कारण त्यांची अब्रू वेशीवर टांगून झालेली असायची. ही सगळी गर्दची मुलं. ऐंशीच्या दशकात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, मुंबईतून आमच्याकडं आली आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीतली बरीच घरं तिनं आतून पोखरून काढली. चांदीच्या कागदावर पूड टाकायची, खालून काडी धरायची आणि धूर ओढायचा, इतका सोपा कारभार. सोडायची म्हटली की टर्की. हा शब्द त्या मुलांचाच. हाडं दुखतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, जुलाब लागतात, झोप जाते आणि माणूस भिंतीवर डोकं आपटतो. टर्कीनं सहसा माणूस मरत नाही. पण टर्कीत असलेल्या माणसाला हे सांगून काही उपयोग नसतो.

त्या काळात या रोगावर आमच्याकडं तीन औषधं होती: झोपेची गोळी, सलाईन आणि व्याख्यान. त्यातलं व्याख्यान सर्वांत मुबलक. बाप द्यायचा, मामा द्यायचा, हवालदार द्यायचा आणि ट्रस्टी तर कुणी समोर नसलं तरी द्यायचे. विषय एकच, इच्छाशक्ती. शिवाय रेल्वेच्या भिंतींवर जाहिराती होत्याच की पेशंटला न कळवता चहातून पूड द्या आणि व्यसन सोडवा. आमच्या केंद्रातली निम्मी मुलं तो चहा पिऊन आलेली होती. आणि शपथा. गर्द घेणाऱ्या मुलांनी आईच्या गळ्याची शपथ इतक्या वेळा मोडलेली असायची की त्या माऊल्या अजून जिवंत कशा, याचंच मला नवल वाटायचं.

मग नव्वदच्या दशकात ती गोळी आली. नाव ब्युप्रेनॉर्फिन. केंद्रातल्या कुणालाच ते धड म्हणता येईना, म्हणून ती 'जिभेखालची' झाली. गोळी काय करते हे मी पेशंटच्या घरच्यांना एसटीच्या भाषेत सांगायची. गाडी फलाटाला लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तशी ही गोळी मेंदूतली गर्दची जागा धरून बसते. टर्की येत नाही, तलफ मरते आणि वरून कुणी गर्द घेतलीच तरी तिला बसायला जागा उरत नाही. मुलगा उठतो, जेवतो, कामाला जातो. रुमाल किती दिवस ठेवायचा? मुलाची घडी नीट बसेपर्यंत. ते कुणाला काही महिने लागतात, कुणाला काही वर्षं, आणि घाईनं उचलला तर जागेवर पुन्हा कोण येऊन बसणार हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

गोळी द्यायची पद्धत मात्र आमच्या लोकांच्या स्वभावाविरुद्ध होती. ती जिभेखाली ठेवून विरघळू द्यायची. गिळली की फुकट गेली. विरघळेपर्यंत बोलायचं नाही, थुंकायचं नाही, चहा प्यायचा नाही. सिस्टर गोळी द्यायची आणि मुलं व्हरांड्यातल्या लांब बाकावर ओळीनं गप्प बसायची. मग एकेकानं जीभ उचलून दाखवायची, कारण काही हुशार मंडळी गोळी गालात दडवून बाहेर विकायची. सबंध ठाणे जिल्ह्यात सकाळच्या वेळी शेजारी माणूस बसलेला असून गप्प राहणारी माणसं आमच्या त्या बाकावर तेवढी होती.

गोळीनं मुलं सुधारायला लागली आणि सगळ्यांना एकदम नीतिमत्ता आठवली. एक नशा सोडून दुसरी लावली, असं म्हणायला लोक पुढे सरसावले. त्यात माझे डॉक्टर बंधू पहिल्या रांगेत होते. मुलगा घरातली भांडी विकत होता तेव्हा तो आजारी होता. आता गोळी घेऊन नोकरीला जाऊ लागला, तर तो गोळीचा गुलाम.

डोंबिवलीच्या मानपाडा भागातल्या एका सोसायटीतला मिलिंद हा असाच एक गुलाम. त्याचे वडील नाना, कारखान्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे. मिलिंद गोळीवर छान स्थिरावला होता आणि एका छापखान्यात कामाला लागला होता. नाना दर भेटीत एकच प्रश्न विचारायचे, "हा गोळी सोडणार कधी?" एकदा मी विचारलं की तुमच्या मधुमेहाच्या गोळ्या तुम्ही कधी सोडणार. ते म्हणाले, "माझं वेगळं आहे. मला डॉक्टरांनी दिल्यात." मग मिलिंदला मी काय भाजीवालीकडून आणून दिल्या होत्या?

सोसायटीच्या गणपतीत व्यसनमुक्त तरुण म्हणून मिलिंदचा सत्कार ठरला. गोळी घेणारा व्यसनमुक्त कसा, असं कमिटीतल्या कुणीतरी म्हटलं आणि घरी न्यायला दिलेल्या गोळ्या नानांनी फेकून दिल्या. मिलिंद केंद्रात यायचा बंद झाला. मी निरोप पाठवले, एकदा घरीही जाऊन आले. नानांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि मुलाला बाहेर बोलावलं नाही. शाल, श्रीफळ झालं, टाळ्या झाल्या, फोटो झाला. तलफ अर्थातच परत आली. गोळीशिवायच्या त्या आठवड्यांमध्ये शरीराची सवय मोडलेली होती, पूर्वीचं प्रमाण आता त्याला झेपणारं नव्हतं. मिलिंदनं एकदाच घेतली, पूर्वीइतकीच आणि पूर्वीसारखीच सुईनं. छापखान्याच्या मोरीत तो सापडला. नाना नंतर मला भेटायला आले. हातात तो सत्काराचा नारळ होता, घरात ठेववत नाही म्हणाले. मला तेव्हा त्यांची दया आली आणि रागही आला. आज इतक्या वर्षांनी दया तेवढीच आहे, पण सत्कार करणाऱ्यांवरचा राग थोडा वाढलाच आहे.

मिलिंद गेला त्याच्या पुढच्या वर्षी जगन आला. खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातला, हाडाचा सापळा झालेला. त्याला त्याच्या आईनं, हिराबायनं, दंडाला धरून आणलं होतं. हिराबाय बाजारात मासळी विकायची. तिनं पाटी व्हरांड्यात ठेवली आणि मला वरपासून खालपर्यंत असं न्याहाळलं, की आता ही माझे कल्ले उघडून बघणार असं मला वाटलं. नवरा समुद्रात बुडून गेला होता, थोरला मुलगा वेगळा राहत होता आणि हा एकच पदरात होता. बरा होल का, एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, गोळी नीट घेतली तर होईल. तेव्हापासून ती रोज जगनला घेऊन येऊ लागली आणि तो जीभ उचलेपर्यंत बाकासमोर उभी राहू लागली. सिस्टरला तिनं या कामातून जवळजवळ निवृत्तच केलं.

महिन्या-दोन महिन्यांत जगनच्या अंगावर मांस दिसायला लागलं. सुट्टीच्या दिवसाची गोळी घरी द्यायचो. ती तोंडात ठेवून जगन उंबऱ्यावर मुकाट बसायचा. पूर्वी ज्याच्या शिव्या खाडीपलीकडे ऐकू जायच्या, तो मुलगा गप्प बसलाय हे पाहून शेजारणींनी ठरवून टाकलं की त्याला डॉक्टरीणबाईनं मौनाचं व्रत दिलंय. एक म्हातारी तर त्याच्या पाया पडून गेली. जगननं तिला थांबवायला तोंड उघडलं नाही, कारण गोळी वाया गेली असती. हिराबायनं हे मला सांगितलं तेव्हा मी इतकी हसले की बाहेरचा सगळा बाक आत डोकावला.

या लौकिकानंच घात केला. व्रताची बातमी वसंतरावांच्या कानावर गेली. वसंतराव त्या भागातल्या नवरात्र मंडळाचे अध्यक्ष, पुढे नगरसेवक व्हायच्या तयारीतले. माणूस वाईट नव्हता, पण समोर चार डोकी दिसली की त्यांना माइक हवा असायचा. त्यांनी बेत आखला की दसऱ्याला देवीसमोर जगननं गोळ्यांची पाकिटं खाडीत फेकायची, त्याच्या गळ्यात हार पडेल आणि दुसऱ्या दिवसापासून माजिवड्याच्या त्यांच्या गोदामात टेंपोवर नोकरी. गोळी खाणाऱ्याच्या हातात गाडी देणार नाही, ही अट. अख्खा कोळीवाडा खूश झाला. जगनही खूश. तोही रोजच्या हजेरीला विटला होता.

मला म्हणाला, "मॅडम, मी तर गर्द कधीच सोडलेली ना? मग आता ही जीभ दाखवायची नाटकं किती दिवस? नोकरी चालून आलीय."

मी त्याला मिलिंदची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, तो कच्चा असेल. पंचविशीच्या मुलाला दुसऱ्याचं मरण सांगून काही उपयोग होत नाही, हा माझा व्यवसायातला जुना अनुभव. मग वसंतरावांना भेटले. त्यांनी माझं म्हणणं मान डोलावत ऐकलं आणि कार्यक्रमाला मलाच प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. हे आमंत्रण ऐकून मी काय बोलले ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही.

शेवटी हिराबायला एकटीला आत बसवलं. तिनं एकच गोष्ट विचारली.

"बाय, गोली बंद केली तं काय होल?"

मी म्हटलं, "पुन्हा गर्द घेईल, आणि घेतली तर कदाचित त्याच दिवशी मरेल. नक्की मरेल असं मी सांगत नाही. पण एक मुलगा असाच गेलाय माझा."

ती उठली. पाटी डोक्यावर घेतली आणि गेली.

दोन दिवसांनी कळलं की गोळी बंद करायची की नाही हे आता देवी ठरवणार आहे. कोळीवाड्याच्या देवळात कौल लावतात. देवीच्या पाषाणाला पाण्यानं दोन बाजूंना फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. होडी कधी लोटायची, मुलगी कुठं द्यायची, सगळं तिला विचारून व्हायचं, आणि पाकळी लावायचा मान हिराबायच्या घराण्याचा होता. ही कल्पनाही तिचीच. वसंतरावांनी ती उचलून धरली. देवी गोळीच्या बाजूनं कौल देईल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसावं.

मी संतापले. इतकी वर्षं घासलेलं माझं शास्त्र आता एका ओल्या पाकळीवर ठरणार होतं. हिराबाय आली तेव्हा मी तिला सरळ विचारलं की हा काय पोरखेळ मांडलाय. दगडाला काय कळतं गोळीतलं? ती शांतपणे म्हणाली, "तुजा कोन ऐकतो बाय? माजा बी कोन ऐकत नाय. तिचा ऐकतान." हे खरं होतं, म्हणून मी आणखी चिडले.

कौलाच्या दिवशी मी गेले. म्हटलं, निदान वसंतरावांच्या नावानं बोंब तरी मारता येईल. देऊळ एवढंसं, बाहेर पाय ठेवायला जागा नाही. वसंतराव हार तयार ठेवून पुढे बसलेले, नव्या शर्टातला जगन त्यांच्या शेजारी. हिराबायनं अंघोळ करून ओलेत्यानं पाकळ्या लावल्या. मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं की आई, पोराची गोली बंद करायची असल तर उजवी दे, नसल तर डावी दे. सगळ्यांनी हात जोडले. मी नास्तिक बाई, घरात साधी उदबत्ती लावत नाही, आणि मी त्या उजव्या पाकळीकडे अशी बघत होते की तिला नजरेनंच दाबून धरावी.

डावी पडली.

कुजबुज झाली. वसंतरावांनी पुन्हा विचारून बघा म्हटलं. देवळातला भगत म्हणाला, देवीला दोनदा विचारत नाहीत, पण उजवीही पडली तर आपण काहीतरी अर्थ काढू. मंडळी थांबली. उजवी पडेना. उन्हं आली, पाकळी सुकली, कडा वळल्या, तरी जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशीही ती तिथंच होती म्हणे, आणि आसपासच्या पाड्यांतून माणसं बघायला आली. गोळीच्या बाबतीत देवी एवढी हट्टाला पेटलीय म्हटल्यावर कोळीवाड्यात गोळीविरुद्ध बोलायची कुणाची प्राज्ञा राहिली नाही.

वसंतराव मुरलेले होते. दसऱ्याला त्यांनी माइकवरून जाहीर केलं की आपलं मंडळ पहिल्यापासून औषधोपचाराच्या बाजूचं आहे. हार वाया जाऊ नये म्हणून तो माझ्या गळ्यात घातला. जगनला टेंपो मिळाला, अट बिनबोभाट गळून पडली. तो आधी केंद्रात येऊन जीभ दाखवायचा आणि मग माजिवड्याला जायचा. माझी डिग्री, माझे कागद, मिलिंदचं मरण, कशानं जे झालं नाही ते एका पाकळीनं केलं. हे मला आवडलं नव्हतं, पण मी तक्रार कुणाकडे करणार होते?

पुढच्या आठवड्यात हिराबाय माझ्यासाठी ओले बोंबील घेऊन आली. मी चेष्टेनं म्हटलं, तुझी देवी माझ्यापेक्षा मोठी डॉक्टर निघाली. ती हसली नाही. दार लोटून घेतलं आणि समोर बसली.

"डावी पान्यान लावलेली," ती म्हणाली. "उजवीच्या खाली भाताचा शीत चुरून लावला व्हता."

मला कळायला एक क्षण लागला. भाताच्या शितानं आम्ही लहानपणी पतंग चिकटवायचो. मग मी जी हसायला लागले, ती थांबेचना. कौतुकानं तिचा हात धरला. म्हटलं, बाई, तू सगळ्या कोळीवाड्याला आणि भावी नगरसेवकाला एका शितात गुंडाळलंस. माझं हसू ओसरल्यावर लक्षात आलं की ती रडतेय. मी म्हटलं, अगं, पोर वाचलं, यात पाप कसलं. ती म्हणाली, पापाचं काही नाही, ते मी भोगीन.

जगन चांगला मार्गी लागला. आम्ही गोळी हळूहळू, चाचपडत कमी केली, दोनदा पुन्हा वाढवायला लागली, आणि ती बंद झाली तेव्हा कुणी हार आणला नाही. त्यानं स्वतःचा टेंपो घेतला, लग्न केलं. मी केंद्र सोडलं तरी हिराबाय येत राहिली. फरसाणवाल्याच्या जिन्यानं पाटीसकट वर यायची आणि मला काहीबाही विचारायची. थोरल्याच्या मुलीला उरणचं स्थळ आलंय, देऊ का? होडीचा वाटा विकू का? घर पाडून पक्कं बांधू का? सुरुवातीला मला मौज वाटली. मग एकदा, समोर पेशंट ताटकळत असताना, मी वैतागून म्हटलं की मला स्थळांतलं काय कळतं, तुझ्या देवीला कौल लाव आणि विचार.

तिनं पदरानं घाम पुसला.

"तवापासना लावला नाय बाय," ती म्हणाली. "तिनी खरा सांगितला तरी मना वाटाचा, माज्याच हातान चिकटवलाय. आता तिला इचाराची सोयच नाय ऱ्हायली. म्हनून तुला इचारतंय."

नातीचं नाव, उरणच्या मुलाचं शिक्षण, घरी कोण कोण, मी बारकाईनं विचारून घेतलं. पेशंटला बाहेर थांबायला सांगितलं. बराच वेळ विचार केला आणि म्हटलं, दे.